रेंजफाइंडर कॅमेऱ्याची ग्रिप : निवड, मोजमाप आणि मनस्ताप

फिल्मवर चालणाऱ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याला उजव्या हाताच्या बोटांना पकड मिळेल असा उंचवटा मुळात नसतो, आणि तो का नसतो हे समजून न घेता बाजारातला एखादा उंचवटा, म्हणजे सगळे जिला ग्रिप म्हणतात ती वस्तू, विकत आणून कॅमेऱ्याला जोडणारा माणूस आधी पैसे, मग प्रसंग आणि शेवटी कॅमेरा या क्रमाने गमावत जातो, असे प्रस्तुत लेखकाच्या सहा-सात महिन्यांच्या अनुभवावरून निश्चितपणे म्हणता येते. रेंजफाइंडर हा शब्द येथे काटेकोर अर्थाने घेतला आहे : ज्या कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातून न पाहता वरच्या अंगाला असलेल्या स्वतंत्र खिडकीतून पाहतो, त्या खिडकीच्या मध्यभागी एक उजळ ठिपका असतो, ठिपक्यात समोरच्या वस्तूची दुसरी पुसट प्रतिमा दिसते आणि भिंगाचे कडे फिरवून दोन्ही प्रतिमा एकमेकींवर आणल्या की फोकस जुळतो, तो रेंजफाइंडर. ही जुळणी आतल्या आरशांच्या कोनावर अवलंबून असते, तो कोन केसभर हलला तरी सगळे गणित चुकते, आणि म्हणूनच असा कॅमेरा हातातून पडू न देणे हे ग्रिपचे पहिले काम ठरते. प्रत्यक्षात मात्र कॅमेरा पडला तो ग्रिपमुळेच, हे पुढे यथाक्रम येईल.

या कॅमेऱ्यांचा घाट १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात मांडल्या गेलेल्या लायकापासून चालत आला आहे. भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर लायकात १९३२ साली आला, पण दोन्ही टोकांना गोलाई असलेली, कोटाच्या खिशात जाणारी चपटी पेटी हा आकार तोवर ठरून गेला होता. त्या पेटीच्या एका टोकाला रोलची डबी, दुसऱ्या टोकाला फिल्म गुंडाळून घेणारी रीळ आणि मधे २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट एवढाच संसार असल्यामुळे पुढे काही फुगवटा काढावा असे कारणच तिथे नव्हते. फुगवटा आला तो बॅटरी आणि मोटर यांच्यासाठी. १९८५ च्या मिनोल्टा ७००० सारख्या कॅमेऱ्यांत उजव्या हाताच्या मुठीत सेल बसवले गेले आणि माणसाच्या बोटांना आपोआप धरायला जागा मिळाली. म्हणजे ज्याला आज आपण हाताची सोय समजतो ते मुळात बॅटरीचे घर आहे. फिल्मच्या रेंजफाइंडरला अशा घराची गरज नव्हती, आणि बाहेरून जोडलेली ग्रिप ही त्या अर्थाने रिकामे घरच असते, हे लक्षात घेतले की तिच्याकडून कशाची अपेक्षा करावी आणि कशाची करू नये याचा अंदाज येतो.

अपेक्षा मर्यादितच असावी. रेंजफाइंडर वापरताना भिंगाचे कडे डाव्या हाताने फिरवावे लागते, त्यामुळे कॅमेऱ्याचे वजन डाव्या तळहातावरच पेलले जाते आणि उजव्या हाताकडे कॅमेरा वळू न देणे, शटरचे बटण हलक्या दाबाने दाबणे आणि लिव्हर ओढून फिल्म पुढे नेणे एवढेच उरते. उजव्या अंगठ्याला आधार हवा असेल तर लिव्हर किंचित बाहेर ओढून त्याच्या कुशीत अंगठा टेकवण्याची जुनी रीत फुकट उपलब्ध आहे. असे असूनही ग्रिप हवीशी वाटते, कारण याशिका इलेक्ट्रो ३५ सारखा कॅमेरा पाऊण किलोच्या घरात जातो, त्याचा अंगभर चढवलेला काळा रेक्झिन पन्नास वर्षांत गुळगुळीत झालेला असतो, आणि सोलापूर जिल्ह्यात मार्चपासून जूनपर्यंत माणसाच्या तळहाताला जो घाम सुटतो त्यावर कोणत्याही जपानी अभियंत्याने विचार केलेला नसतो. होटगीसारख्या गावात राहणाऱ्याने ग्रिप घ्यावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर म्हणून होकारार्थीच आहे. प्रश्न कोणती घ्यावी हा आहे, आणि त्याहून अधिक, कोणाचे ऐकून घेऊ नये हा आहे.

ढोबळमानाने पाहता ग्रिपचे चार प्रकार विकले जातात. पहिला आणि सर्वांत जास्त खपणारा प्रकार म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला चिकटून बसणारी पट्टी आणि तिच्यातून पुढच्या बाजूने वर आलेला उंचवटा. ही पट्टी ट्रायपॉडसाठी असलेल्या छिद्रात बोल्ट घालून आवळतात. दुसरा प्रकार तळाची मूळ पट्टीच काढून तिच्या जागी बसवायचा असतो, आणि तो ज्यांचा तळ सुटा निघतो अशा लायकासारख्या कॅमेऱ्यांपुरता मर्यादित आहे. तिसरा प्रकार फ्लॅश लावण्याच्या खाचेत, म्हणजे हॉट शूमध्ये, सरकवून अंगठ्यासाठी केलेला टेकू, आणि चौथा डिंकाने चिकटवायचा तयार उंचवटा. चौथ्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही : जुन्या रेक्झिनखालचा गोंद आधीच वाळलेला असतो, त्यावर चिकटवलेली वस्तू ओढली की रेक्झिनचा तुकडा बरोबर घेऊन येते, आणि उन्हाळ्यात तो नवा डिंक पाझरून बोटांना लागतो ते वेगळेच. तिसरा प्रकार घेताना टेकूचा दांडा लिव्हरच्या वाटेत येतो का एवढे पाहिले तरी पुरे.

वाद आहे तो पहिल्या प्रकाराचा, कारण तळ ही फिल्म कॅमेऱ्याची सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत गजबजलेली जागा आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या तळाला बॅटरीचे झाकण झाकले गेले तर माणूस चरफडतो. फिल्म कॅमेऱ्याच्या तळाला मात्र एक असे बटण असते की ज्याच्यावाचून संपलेला रोल बाहेरच काढता येत नाही. फिल्म पुढे नेणारे दात तिला एकाच दिशेने जाऊ देतात. संपलेली फिल्म पुन्हा डबीत गुंडाळायची, म्हणजे रिवाइंड करायची, तर ते बटण दाबून दात मोकळे करावे लागतात आणि मगच वरची घडीची मूठ फिरवता येते. बटण न दाबता मूठ फिरवण्याचा हट्ट केला तर फिल्मच्या कडेची छिद्रे फाटतात, आणि मागचे झाकण उघडले तर छत्तीसच्या छत्तीस छायाचित्रे उजेडात जळतात. इलेक्ट्रो ३५ च्या तळाला हे बटण, ट्रायपॉडचे छिद्र आणि बॅटरीचे गोल झाकण अशा तिन्ही गोष्टी आहेत. १९७२ च्या कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ च्या तळालाही बॅटरी आणि रिवाइंडचे बटण आहे. इलेक्ट्रोची मूळ ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, तिच्या जागी जुळवणीची नळी घालून ६ व्होल्टची बॅटरी वापरतात, आणि बॅटरी संपली की हा कॅमेरा ऊन असो की दिवेलागण, एकाच, म्हणजे १/५०० सेकंदाच्या वेगाने शटर उघडतो. तेव्हा बॅटरीचे झाकण हाताशी असणे ही चैन नव्हे.

ही सर्व माहिती प्रस्तुत लेखकाला खरेदीपूर्वी ठाऊक होती, आणि म्हणूनच त्याने विक्रेत्याला, जो परराज्यातील एका मोठ्या शहरात बसून अशा वस्तू बनवतो व टपालाने पाठवतो, आपल्या इलेक्ट्रो ३५ कॅमेऱ्याचे पूर्ण नाव, तळाचे छायाचित्र आणि ‘रिवाइंडचे बटण मोकळे राहील ना’ असा सरळ प्रश्न पाठवला होता. उत्तर एका शब्दाचे आले : युनिव्हर्सल. त्या शब्दापुढे अंगठ्याचे चित्र होते. साडेतीन हजार रुपये देण्यापूर्वी एका शब्दावर विसंबू नये हे आता कोणीही सांगेल, परंतु प्रश्न विचारणाऱ्याने प्रश्न विचारला होता आणि उत्तर देणाऱ्याने छायाचित्र उघडूनही पाहिले नव्हते, ही बाब नोंदवून ठेवणे न्यायाला धरून होईल.

वस्तू दिसायला देखणी होती, हे मान्य केले पाहिजे. काळा खरबरीत पृष्ठभाग, बोटांच्या मापाची खोबण, मनगटाचा पट्टा अडकवण्यासाठी पितळेची कडी, आणि बोल्ट आवळण्यासाठी दिलेली छोटी षट्कोनी चावी, जिला गॅरेजवाले ॲलन की म्हणतात. ट्रायपॉडच्या छिद्रात तो बोल्ट चावीने करकचून आवळल्यावर कॅमेरा हातात एखाद्या अवजारासारखा बसला आणि पुढचे तीन आठवडे तसाच बसून राहिला. रोल जपून वापरण्याच्या सवयीमुळे त्या काळात एकही रोल संपला नाही, आणि त्यामुळे तळाकडे पाहण्याची वेळही आली नाही.

ती वेळ जानेवारीत, सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील अक्षता सोहळ्याच्या दिवशी, संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत आली. सातही नंदीध्वज कट्ट्याकडे येत होते, पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांची दाटी वाढत होती, संमती वाचनाला थोडाच अवकाश होता, आणि छत्तिसाव्या छायाचित्रानंतर लिव्हर अर्ध्यावर अडला, म्हणजे रोल संपला. खिशात नवा रोल होता. कॅमेरा डाव्या हातात घेऊन उजव्या हाताची तर्जनी सवयीने तळाशी गेली, आणि तिला बटण लागले नाही, गुळगुळीत प्लॅस्टिक लागले. ती बोटभर डावीकडे सरकली, मग उजवीकडे, मग पुन्हा पहिल्या जागी आली, जणू बटणच कुठेतरी उठून गेले असावे. कॅमेरा उलटा करून पाहिल्यावर दिसले ते असे की, पट्टीला एक मोठे आयताकृती छिद्र होते, कोणत्यातरी डिजिटल कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या झाकणाच्या मापाचे, आणि ते छिद्र इलेक्ट्रोच्या तळाच्या अशा भागावर उघडत होते जिथे चकचकीत पत्र्याशिवाय काहीच नाही. बटण आणि बॅटरीचे झाकण ही दोन्ही भरीव प्लॅस्टिकखाली गाडली गेली होती. पट्टी काढावी तर चावी होटगीला, टेबलाच्या खणात, १५ किलोमीटरवर. शेजारच्या दुकानदाराने स्क्रू ड्रायव्हर देऊ केला, एका ओळखीच्या गृहस्थांनी मोटारसायकलच्या हत्यारांची पिशवी उलटी केली, सायकलचे दुकान यात्रेमुळे बंद होते. षट्कोनी भोकाला षट्कोनी चावीच लागते. तेवढ्यात वाचन झाले, हजारो हातांतून अक्षता उडाल्या, आणि प्रस्तुत लेखकाच्या केसांत अडकलेल्या चार दाण्यांखेरीज त्या वर्षीच्या अक्षतांचा कोणताही पुरावा त्याच्यापाशी उरला नाही. रात्री होटगीला परतल्यावर चावी लावून पट्टी काढायला अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ लागला, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही.

विक्रेत्याला हा प्रकार कळवल्यावर त्याने दिलेला सल्ला येथे आशयाने देणे उद्बोधक ठरेल : रोल संपत आला की ग्रिप आधीच काढून ठेवावी. ज्या वस्तूचा उपयोग छायाचित्रे घेताना हातात पकड यावी हा आहे ती छायाचित्रे घेण्याच्या ऐन वेळी काढून ठेवावी, या युक्तिवादाला काय म्हणावे हे वाचकांनी ठरवावे. पैसे परत मागितल्यावर वस्तू वापरलेली असल्याचे कारण आले. न वापरता ती निरुपयोगी आहे हे कसे कळणार, या प्रश्नाला उत्तर आले नाही. अंगठाही आला नाही.

येथपर्यंत दोष निर्विवादपणे विक्रेत्याचा होता. त्यानंतरचा एक प्रमाद मात्र प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा आहे आणि तो सांगितल्यावाचून मार्गदर्शन पुरे होणार नाही. चावीची कटकट नको म्हणून पट्टीत बटणापुरते भोक पाडून घेतले आणि नाण्याने फिरवता येईल अशा रुंद खाचेच्या डोक्याचा बोल्ट सोलापुरातील हार्डवेअरच्या दुकानातून आणला. कॅमेऱ्याच्या तळाच्या छिद्राचे आटे, म्हणजे आतल्या मळसूत्री खाचा, पाव इंच व्यासाच्या बोल्टचे असतात, ज्याला जुने मिस्त्री दोन सूत म्हणतात, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; आणि त्या बोल्टवर एका इंचात २० आटे असतात. दुकानात मागितल्याबरोबर हाती पडतो तो ६ मिलिमीटरचा बोल्ट. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, त्यामुळे ६ मिलिमीटरचा बोल्ट नजरेला तोच वाटतो, आणि घात असा की तो दोन फेरे आत जातोही; त्यानंतर अडतो, कारण त्याचे आटे एकेका मिलिमीटरवर आहेत आणि छिद्राचे १.२७ मिलिमीटरवर. तिथे जोर लावणारा माणूस कॅमेऱ्याचे आटे कायमचे मारतो. जोर लावण्यापूर्वी हात थांबला तो शहाणपणाने नव्हे, नाणे निसटल्याने.

होटगीकरांना ‘जवळपास तेच’ या भ्रमाची किंमत वेगळी सांगायला नको. १८८४ साली होटगीहून विजापूरमार्गे गदगला गेलेली रेल्वे मीटरगेज होती, तर मुंबईहून मद्रासकडे जाणारी मुख्य रेल्वे ब्रॉडगेज. एकीच्या रुळांत १००० मिलिमीटरचे अंतर, दुसरीच्या १६७६, आणि त्यामुळे या जंक्शनवर एका गाडीतला माल उतरवून दुसरीत चढवण्याखेरीज गत्यंतर नव्हते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो मार्ग रुंद होईपर्यंत सव्वाशे वर्षे दोन्ही रेल्वेच होत्या, दोन्हींना चाके होती, आणि तरीही एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढू शकत नव्हता. अशा गावच्या माणसाने युनिव्हर्सल या शब्दावर विश्वास ठेवावा, याला दुर्दैव म्हणावे की मूर्खपणा, यावर घरात आजही एकमत नाही.

बोल्टची लांबीही मोजून घ्यावी. छिद्राच्या तळाला पातळ पत्रा असतो आणि त्यापलीकडे फिल्मची जागा किंवा दातेरी चक्रे असतात, म्हणून लांब बोल्ट आवळत गेले की तो पत्रा वर फुगतो. काड्यापेटीतील काडी गुलाची बाजू बाहेर ठेवून छिद्रात उभी करावी, कडेशी नखाने खूण करावी, त्यात पट्टीची जाडी मिळवावी आणि येणाऱ्या मापापेक्षा बोल्ट एखादा मिलिमीटर आखूडच घ्यावा. लांब असेल तर दोन वॉशर घालावेत.

मे महिन्यात जे घडले त्याने मात्र बोल्ट वगैरे प्रश्न गौण ठरवले. विक्रेत्याची ग्रिप ही त्रिमितीय छपाईची, म्हणजे प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर चढवत यंत्राने घडवलेली होती. अशा छपाईत सर्वांत सोपे व स्वस्त प्लॅस्टिक म्हणजे पीएलए, जे मका किंवा ऊस यांच्यातील साखरेपासून बनते आणि साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडू लागते. पीईटीजी नावाचे दुसरे ८० अंशांच्या आसपास आणि एबीएस नावाचे तिसरे सुमारे १०५ अंशांपर्यंत तग धरते. सोलापुरात मे महिन्यात सावलीतला पारा ४३ अंशांपर्यंत चढतो, आणि उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या काळ्या सीटखालच्या डिकीत, जिथे खालून इंजिनाचीही धग असते, तो कुठवर जात असेल याचा हिशेब प्लॅस्टिकने स्वतःच करून दाखवला. होटगी स्थानकाबाहेर भर दुपारी तीन तास उभ्या राहिलेल्या स्कूटरच्या डिकीतून कॅमेरा काढला तेव्हा पट्टी केळ्यासारखी किंचित वाकली होती आणि बोल्टचे भोक लांबट झाले होते, पण ते ध्यानात आले नाही, कारण मनगटाचा पट्टा त्या पितळेच्या कडीत होता आणि कडी शाबूत होती. फलाटावर पोहोचल्यावर बोल्टचे डोके त्या लांबट भोकातून सुटले. पट्टा मनगटात राहिला, पट्ट्याला ग्रिप लटकत राहिली, आणि पाऊण किलोचा कॅमेरा शहाबादी फरशीवर कोपऱ्यावर आदळला.

पट्टा नेहमी कॅमेऱ्याच्या स्वतःच्या कड्यांना बांधावा, ग्रिपच्या कडीला कधीही नव्हे. या लेखातील बाकी सर्व विसरले तरी चालेल.

रेंजफाइंडरची जुळणी बिघडली की नाही हे घरच्या घरी तपासता येते. भिंग अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या खुणेवर, ठेवून किमान एक-दोन किलोमीटर दूरच्या उभ्या वस्तूकडे पाहावे. ठिपक्यातील दोन प्रतिमा शेजारी शेजारी दिसल्या तर आडवी जुळणी गेली, आणि आडव्या रेषेकडे पाहताना एक प्रतिमा वर व दुसरी खाली दिसली तर उभी जुळणी गेली असे समजावे. होटगी रस्त्याच्या परिसरात याकरिता पूर्वी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी फार सोयीची होती. विमानांना अडथळा ठरते म्हणून जून २०२३ मध्ये ती पाडण्यात आली, त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. आता फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी त्या कामी येते, आणि आडव्या रेषेसाठी रेल्वेवरच्या विजेच्या तारा. प्रस्तुत लेखकाच्या कॅमेऱ्यात त्या दिवशी चिमण्या दोन दिसल्या आणि ताराही दुप्पट झाल्या. सोलापुरातील एका वयोवृद्ध कारागिराने ती जुळणी परत आणून दिली आणि ग्रिपची हकीकत ऐकून कॅमेरा परत देताना फक्त मान हलवली.

विक्रेत्याचे शेवटचे म्हणणे असे होते की वस्तू उन्हात ठेवण्यासाठी नाही. कोणते प्लॅस्टिक वापरले हे डिसेंबरात विचारले असते तर त्याने सांगितले असते का, हा प्रश्न अनुत्तरित राहणार. पण ते विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे. पीएलए असे उत्तर आले तर विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि सोलापूर येथील माणसाने पुढे बोलणे वाढवू नये.

ज्यांना अजूनही ग्रिप हवी आहे त्यांनी एक काम विकत घेण्याआधीच करावे. पांढऱ्या कागदावर कॅमेरा उभा ठेवून पेन्सिलीने तळाची कड रेखाटावी, मग रिवाइंडचे बटण, बॅटरीचे झाकण आणि ट्रायपॉडचे छिद्र यांच्या मध्यांची अंतरे दोन्ही कडांपासून मोजून त्या आकृतीत मांडावीत. विकणाऱ्यापाशी असा कागद ठेवून पट्टी त्यावर बसते का हे पाहायला सांगितले की निम्मे विक्रेते आपोआप गळतात. पुढच्या उंचवट्याचे मापही हातावरूनच घ्यावे लागते, आणि ते मापपट्टीने जमत नाही. बेंदराच्या सुमारास मातीचे बैल करण्यासाठी घरात आणलेल्या काळ्या मातीचा एक गोळा, कॅमेऱ्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून, पुढच्या बाजूला दाबून धरला आणि शटरवर तर्जनी ठेवून उरलेली तीन बोटे त्यात रुतवली, तेव्हा जे कळले ते अनपेक्षित होते : जो उंचवटा इतके महिने चांगला वाटत होता तो हाताला हवा त्याच्या दुपटीने जाड होता. जाड उंचवट्यामुळे बोटे पुढे ताणली जातात, तर्जनी बटणावर तिरकी पडते आणि नेमका बटण दाबतानाच कॅमेरा हलतो. मातीत उमटलेली खोल जागा फक्त मधल्या बोटाची होती. करंगळी तर मातीला टेकलीही नव्हती.

तो मातीचा नमुना वाळून तडकण्याच्या आत गावातल्या सुताराकडे नेला. त्याने प्रथम यंत्रमागाचा जुना धोटा, म्हणजे बाण्याचे सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, पुढे केला. लाकूड चिवट आणि वर्षानुवर्षांच्या घासणीने आरशासारखे झालेले होते, पण धोटा मधे कांडीसाठी पोकळ असतो, त्यामुळे तो बेत सोडावा लागला. शेवटी सागवानाच्या तुकड्यावर रंध्याने व कानशीने काम झाले. तळाची पट्टी बटणाच्या अलीकडेच संपवली, म्हणजे भोक पाडण्याचा प्रश्नच उरला नाही. एकाच बोल्टवर आवळलेली पट्टी त्या बोल्टभोवती फिरू पाहते, म्हणून मागच्या कडेला दोन मिलिमीटरची धार वर ठेवली, जी कॅमेऱ्याच्या पाठीला टेकते. ही धार मागच्या झाकणाच्या फटीला लागता कामा नये, नाहीतर झाकण उघडत नाही. लाकूड आणि पत्रा यांच्यामध्ये मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात गॅस्केटसाठी मिळणारा पातळ कॉर्क घातला, त्यामुळे पकड वाढली आणि पत्र्यावर ओरखडे उमटले नाहीत. घाम कॉर्कमध्ये मुरतो हे खरे आहे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ग्रिप काढून तळ कोरड्या फडक्याने पुसावा.

इतर कॅमेऱ्यांविषयी थोडक्यात. १९५४ च्या एम३ पासून १९८४ च्या एम६ पर्यंतच्या लायकांत फिल्म तळातून भरली जाते, म्हणजे तळावर आवळलेली कोणतीही ग्रिप प्रत्येक रोलला काढावीच लागते. तिथे तळाची पट्टीच बदलणारी ग्रिप घ्यावी किंवा नाद सोडावा. २००० सालच्या व्हॉइग्टलेंडर बेसा आरचे पाठीचे झाकण बिजागरीवर उघडते, त्यामुळे तिथे सोय अधिक. जुन्या सोव्हिएत किएव्ह कॅमेऱ्याची गोष्ट उलटी आहे : त्याची रेंजफाइंडरची खिडकी उजव्या बोटांच्या इतकी जवळ आहे की नेहमीसारखी पकड घेतली तर मधले बोट ती झाकते आणि दुसरी प्रतिमाच नाहीशी होते, म्हणून त्याला उंचवटा लावण्यापूर्वी बोट कुठे जाऊन टेकणार हे पाहिलेच पाहिजे. ज्या कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारा डोळा भिंगाच्या कड्यात नसून अंगावर आहे, तिथे उंचवट्याची किंवा बोटांची सावली त्यावर पडत नाही ना, हेही. बाकी पावती जपून ठेवावी, घाईने खरेदी करू नये, शक्य असेल तिथे वस्तू हातात घेऊन पाहावी वगैरे सर्वांना ठाऊक असलेले सल्ले आहेतच. ठाऊक असूनही ते पाळले जात नाहीत.

सुताराने सागवानाचे आणि मजुरीचे मिळून चारशे रुपये घेतले. जुन्या ग्रिपची किंमत ऐकल्यावर त्याने ती काळी वाकडी पट्टी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली, काही न बोलता खाली वाकला आणि रंधा मारण्याच्या डुगडुगत्या बाकाच्या मागच्या पायाखाली सारली. बाक स्थिर झाला. दुकानाला पत्र्याचे छप्पर आहे, पण खालची फरशी गार असते, त्यामुळे पट्टी अद्याप तरी आणखी वाकलेली नाही.